घरगुती एसटीएममधले अणू खोटे नसतात
सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय, घरी बनवलेला स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप (एसटीएम, म्हणजे पृष्ठभागाच्या अगदी जवळून, न टेकता सुई फिरवायची आणि मधल्या करंटवरून अणूंचं चित्र काढायचं असं यंत्र) म्हणजे थाप, त्याला व्हॅक्यूम लागतं, करोडोंची मशिनरी लागते आणि लोक अणू म्हणून जे दाखवतात तो नुसता नॉइज. दोन वर्षं मी यातच आहे त्यामुळे गप्प बसवत नाही.

व्हॅक्यूमचं म्हणाल तर सिलिकॉनला लागतं, मान्य, हवेत त्यावर ऑक्साइड चढतं. पण एचओपीजी, म्हणजे एकावर एक शिस्तीत थर असलेल्या ग्राफाइटला चिकटपट्टी लावून वरचा थर ओढला की खाली ताजा सपाट पृष्ठभाग मिळतो आणि साध्या हवेत मस्त स्कॅन होतो.

करोडो कशाला? सुई हलवायला अलार्ममधली पिझो बझरची चकती (व्होल्टेज दिलं की किंचित वाकणारी) पुरते, तिच्या वरच्या चांदीच्या थराचे चार तुकडे करायचे, समोरासमोरच्या दोघांना उलटं व्होल्टेज दिलं की सुई कलते, चौघांना सारखं दिलं की वर-खाली. सुई म्हणजे प्लॅटिनम-इरिडियमची तार, कटरने तिरकी ओढत कापलेली. एवढ्यावर भागतं कारण सुई आणि पृष्ठभागातलं अंतर १ अँगस्ट्रॉमने (०.१ नॅनोमीटर) वाढलं की करंट साधारण दहापट घटतो, म्हणजे सगळ्यात पुढे आलेला एखादा अणूच खरं काम करतो.

कंपनाचा त्रास मात्र खरा आहे. १९८१ साली झुरिचजवळ आयबीएमचे शास्त्रज्ञ बिनिग आणि रोरर यांनी पहिलं यंत्र सुपरकंडक्टरवर तरंगतं ठेवलं होतं, पण नंतर स्प्रिंग आणि चुंबकांवरच भागलं. माझंही तसंच, फक्त सोसायटीचा पाण्याचा पंप बंद झाल्यावर रात्री स्कॅन करतो.

आता नॉइज. हा आरोप सगळ्यात गंभीर आणि तपासायला सगळ्यात सोपा. घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण चित्रात पट्टे उमटवते, ते अगदी अणूंच्या रांगांसारखे दिसतात, मी स्वतः फसलोय. म्हणून प्रत्येक ओळीला लागणारा वेळ तोच ठेवून स्कॅनची रुंदी निम्मी करायची. पट्टे तेवढेच राहिले तर गुणगुण, ओळीतले ठिपके निम्मे झाले तर ग्राफाइट. मग स्कॅनची दिशा ९० अंशांनी फिरवायची, चित्रातली अणूंची जाळीही फिरली पाहिजे. आणखी एक, ग्राफाइटचे शेजारचे अणू ०.१४२ नॅनोमीटरवर असतात पण एसटीएममध्ये सहसा एकाआड एकच उठून दिसतो, त्यामुळे ठिपक्यांतलं अंतर ०.२४६ येतं. पहिल्यांदा माझे षटकोन एका बाजूला ओढल्यासारखे आले, तो तापमानाचा ड्रिफ्ट होता, म्हणजे तापमान बदलल्याने सगळं हळूहळू सरकत होतं, डबा झाकून तासभर थांबल्यावर बरेच सरळ झाले.

तेव्हा यापुढे कुणी अणू दाखवले तर एकटा फोटो घेऊ नका, सुई जातानाचा आणि परत येतानाचा असे दोन्ही स्कॅन मागा आणि दोन्हींत तीच जाळी दिसते का पाहा.