वावरात तीळ, घरात विकतचे तेल

दिवाळीत वणीजवळच्या आमच्या गावी ओसरीवर बसलो असताना मोठे काका म्हणाले, "ज्याच्या वावरात तीय हाये, तो तेल इकत कायले आनते?" विषय नायजेरियाचा होता. जमिनीखाली खनिज तेल असूनही पेट्रोल परदेशातून आणणारा देश आळशीच असणार, यावर ओसरीचे एकमत झाले. मी अकरा वर्षे त्याच नायजेरियातल्या लागोसला नोकरी करतो. ते वाक्य मला अजून टोचते आहे.

तीळ असला तरी घाणा लागतोच, आणि घाणा चालवणे परवडावेही लागते. नायजेरियातल्या ओलोइबिरीला १९५६ साली तेल सापडले. पुढे पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कडुना येथे सरकारी रिफायनऱ्या झाल्या. त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला ४,४५,००० बॅरल होती. देखभाल रखडली, कडुनाकडे तेल नेणारी पाइपलाइन पुन्हा पुन्हा फोडली गेली, आणि मुख्य म्हणजे सरकारने पेट्रोलचा दर खर्चाच्या खाली बांधून ठेवला. अशा दरात शुद्धीकरणात पैसा कोण घालणार? आयातदाराला मात्र फरकाची रक्कम सरकार भरून देत होते. त्यामुळे आयात हाच भरवशाचा धंदा झाला आणि स्वस्त पेट्रोल चोरवाटांनी शेजारच्या बेनिन देशात जात राहिले. २९ मे २०२३ रोजी राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी अनुदान संपल्याचे जाहीर केले. त्यानंतर पंपावरच्या रांगेत, शिवणकाम करणारी माझी शेजारीण जनरेटरसाठी पिवळा कॅन घेऊन उभी होती. तिने हातातल्या नोटा दोनदा मोजल्या आणि अर्धाच कॅन भरून घेतला. तिला आळशी म्हणणाऱ्याने त्या रांगेत एक दिवस उभे राहून पाहावे.

लागोसजवळच्या लेक्कीच्या, दिवसाला ६,५०,००० बॅरल क्षमतेच्या खासगी रिफायनरीचे पेट्रोल सप्टेंबर २०२४ मध्ये निघू लागले, तरी तिच्यासाठी काही कच्चे तेल अमेरिकेहून आणावे लागले. उलट भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून घेतो आणि जामनगरहून पेट्रोल-डिझेल निर्यात करतो. ज्यांचे जग नागपूरपाशी संपते, त्यांना हे कसे पटवावे?

म्हणून मी कापसावर आलो. आपल्या जिनिंगमधल्या गाठी ट्रकने गुजरात-तमिळनाडूकडे जातात आणि कापड होऊन वणीच्या दुकानात परत येतात. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली होती. ती केव्हाच बंद पडली. मग कास्तकार आळशी आहे, असे आपण म्हणतो का? काका गप्प झाले, आणि मला जिंकल्याचा आनंद झाला नाही, कारण त्याच कापसाच्या पैशांवर शिकून, वडिलांचे पाच एकर बटईने देऊन मी निघून गेलेलो आहे.

त्या भरात मी "आमच्याकडे पंपावर" असे बोलून गेलो होतो. काकांनी पानाचा डबा मिटला आणि विचारले, "आमच्याकडे म्हंजे कोठी रे?" मला उत्तर देता आले नाही. लागोसला कोणी भारताला नावे ठेवली, की माझ्या तोंडून हाच शब्द निघतो.