‘ताई, आधी अभ्यास करा’: स्पष्टवक्ता यांना उत्तर

स्पष्टवक्ता साहेब,

थायरॉइडच्या गोळीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया खरं तर सोडून देणार होते. पण तिला बरेच अंगठे मिळालेले दिसले, म्हणून लिहितेय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी डॉक्टर नाही, लोकांना उगाच घाबरवते, ‘गोळीनंतर तासभर चहा नको’ हा नुसता बाऊ आहे, कारण तुमच्या सासूबाई बारा वर्षं चहाबरोबरच गोळी घेतात आणि त्यांचा टीएसएच (थायरॉइड ग्रंथी कमी पडली की वाढणारा रक्तातला आकडा) नॉर्मल आहे, कोबी बंद करायची गरज नाही, आणि टीएसएच जरा वाढला की गोळी लागतेच असंही नाही. वर पुन्हा, ‘ताई, आधी अभ्यास करा, मग लेख लिहा.’

मुद्दा पटला नाही तर खुशाल सांगा. पण ही काय बोलायची पद्धत? एका श्वासात ताई म्हणायचं आणि दुसऱ्या श्वासात अक्कल काढायची! हाच लेख एखाद्या गृहस्थांनी लिहिला असता तर त्यांना ‘दादा, अभ्यास करा’ म्हणाला असतात? मला नाही वाटत. मी डॉक्टर नाही हे लेखात पहिल्याच ओळीत आहे. तिथपर्यंत तरी वाचायचं.

आता अभ्यासाबद्दल. माझ्या आजीला गलगंड होता, आईला हायपोथायरॉइड, म्हणजे थायरॉइडचं काम कमी पडणं, आणि मला हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जननी 1912 साली हा आजार मांडला तो चार रुग्णांवरून, आणि त्या चारही बायकाच होत्या. तेव्हा या विषयावर बायकांनी बोलायचं नाही तर कुणी बोलायचं?

माझा डोस पन्नासवरून पंचाहत्तर झाला, पुढे शंभर झाला, तरी टीएसएच काही खाली येईना. केस गळताहेत, दुपारी डोळे मिटताहेत, आणि घरचे म्हणताहेत ‘व्यायाम कर’. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळीबरोबर आणखी काय घेता? मी कॅल्शियमची गोळी त्याच घोटात घेत होते! कॅल्शियम काय, लोह काय, थायरॉक्सिनला, म्हणजे या गोळीतल्या औषधाला, आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात पोचू देत नाहीत. म्हणून चार तासांचं अंतर ठेवायचं. मी ते ठेवलं, आणि पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. डोस न वाढवता.

आपल्या चहात दूध असतं आणि दुधात कॅल्शियम. कॉफीनेही गोळी कमी शोषली जाते. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. त्यातलं थोडं वाया गेलं तरी फरक पडतो. शिवाय तो फरक लगेच कळत नाही. हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो, म्हणून डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी बघतात. तोवर आज घेतलेल्या चहाचा संशय कुणाला येणार?

राहिल्या तुमच्या सासूबाई. त्या रोज न चुकता चहाबरोबरच घेत असतील, तर डॉक्टरांनी टीएसएच बघत बघत डोस चहा धरूनच बसवला असणार. त्यांचं बरं चाललंय, आनंद आहे. पण कधी चहाबरोबर, कधी चहाआधी, उपासाच्या दिवशी तिसरंच, असं करणाऱ्यांचं काय? लेख त्यांच्यासाठी होता. एका सासूबाईंवरून सगळ्या महाराष्ट्राला चहा पाजू नका.

कोबीबद्दल तुमचं मान्य. शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात चालते; लेखातलं ‘पूर्ण बंद’ काढून टाकलं आहे. चांगल्या शब्दांत सांगितलं असतंत तर त्याच दिवशी काढलं असतं.

आणि टीएसएच दहाच्या आत, टी-फोर (रक्तातलं थायरॉक्सिन) नॉर्मल, फारसा त्रास नाही, अशा वेळी डॉक्टर पुष्कळदा गोळी न देता थोड्या महिन्यांनी पुन्हा तपासतात, हे मलाही ठाऊक आहे. गरोदर बाईचं गणित निराळं. पण माझा लेख गोळी सुरू झालेल्यांसाठी होता, त्यामुळे तो विषय इथे नको.

पुरावा म्हणून सासूबाईंचा रिपोर्ट टाकायची तुमची तयारी आहे म्हणता. नुसता टीएसएच नको, रोज किती मायक्रोग्रॅम घेतात तेही लिहा. त्यांना विचारून मात्र. आणि जमलं तर या वेळी स्वतःच्या नावाने लिहा.