‘इनस्क्रिप्टमध्ये महिने वाया घालवू नका’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

माझ्या हिंदी टायपिंगवरच्या लेखाबद्दल, चिडून का होईना, सविस्तर लिहिलंत ते आवडलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रोमन अक्षरांत लिहिलं की देवनागरी आपोआप उमटते, त्यावर तुमचा मिनिटाला 40 शब्दांचा वेग आहे, आणि मी मात्र पोरांना इनस्क्रिप्ट (प्रत्येक देवनागरी अक्षराला ठरलेली कळ असलेली कीबोर्डची रचना) घोटायला लावून त्यांचे महिने वाया घालवतोय. वर मराठी माणसाला हिंदी टायपिंग हवंच कशाला, हा टोमणा.

टोमण्याचं आधी उरकतो. हिंदीसक्तीच्या वादाशी त्या लेखाचा काही संबंध नव्हता. तो कर्मचारी निवड आयोगाच्या टायपिंग चाचणीला बसणाऱ्यांसाठी होता. तिथे इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाहीच. इंग्रजीला मिनिटाला 35 शब्द लागतात, हिंदीला 30. इंग्रजीत ज्याचे हात अडखळतात तो हिंदी घेतो.

आता तुमचे 40. चाचणीत समोरचा उतारा दहा मिनिटं सलग उतरवायचा असतो. रोमन पद्धतीला तिथे जागा नाही; इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन गेल (जुन्या टाईपरायटरच्या धर्तीची रचना), यांतलं एक निवडायचं. पण परीक्षा सोडा. तुम्ही के, ए, एम दाबलंत की ‘कम’ की ‘काम’ हे यंत्र ठरवतं आणि ते बरोबर आलं का हे तुम्ही तपासता. म्हणजे नजर दर दोन शब्दांनी उताऱ्यावरून उठली. इनस्क्रिप्टमध्ये के म्हणजे क, ई म्हणजे काना, सी म्हणजे म. दाबलं तेच उमटणार, बघायला नको.

‘दिल्ली’ टाईप करून पाहा: ओ, एफ, एन, डी, एन, आर. उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा, डावा. मात्रा आणि हलन्त (अक्षराचा पाय मोडण्याची खूण) डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, म्हणून हे जमतं. (सगळंच असं गोड नाही. म, न, व डाव्या हाताच्याच खालच्या ओळीत बसवलेत. ‘पानी’ लिहिताना प सोडला तर उजवा हात नुसता बसून असतो.)

मराठी पोरांना अडतं ते कळांच्या जागांवर नाही, कारण मराठी आणि हिंदी इनस्क्रिप्टमध्ये त्या बहुतेक त्याच आहेत. अडतं ते सवयीवर. आपल्या लिखाणात नुक्ता (अक्षराखालचं टिंब) नसतो, त्यामुळे ‘लड़का’चा ‘लडका’ होतो, ‘पढ़ाई’ची ‘पढाई’. ‘नाही’ लिहून लिहून ‘नहीं’वरचं टिंब गळतं, ‘में’चं ‘मे’ होतं. हे वाचताना खटकतही नाही, पण तपासणीत प्रत्येक ठिकाणी चूक धरली जाते. म्हणून मी सरावाला मोठे उतारे देण्याआधी हेच शब्द देतो: लड़की, सड़क, बड़ा, पढ़ना, नहीं, में, हैं. नुक्ता चौकोनी कंसाच्या दुसऱ्या कळीवर, ड च्या लगेच शेजारी आहे. उजव्या करंगळीला तेवढी एक उडी शिकवायची. चंद्रबिंदू शिफ्ट धरून एक्सवर, पूर्णविरामाचा दंड शिफ्ट धरून इंग्रजी फुलस्टॉपच्या कळीवर. वेगाचं घड्याळ त्यानंतर लावायचं. आधी लावलं की चुकाच वेगाने व्हायला लागतात.

बोलून टाईप करण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, ते घरच्या मसुद्याला झकास. निरोपापुरतं किंवा आठवड्याला पानभर हिंदी लिहिणाऱ्यानेही खुशाल रोमन वापरावं, त्याला मी इनस्क्रिप्ट शिकायला कधीच सांगणार नाही.

आणि टाईपरायटरच्या काळापासून ज्यांचा हात रेमिंग्टनवर बसलाय, त्यांनीही तो मोडू नये. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची आणि इनस्क्रिप्टमध्ये नंतर. दोन्ही एकदम चालवायला गेलं की ‘किया’ दोन्हीकडे बिघडतो. त्यांनी चाचणीसाठी रेमिंग्टन गेल निवडावं आणि घरच्या संगणकावरही तेवढंच ठेवावं.