पोरस, त्याची राणी आणि स्टेजवरचा घोडा

पोरस आपल्याला शाळेच्या धड्यातला ठाऊक. 'तुला कसं वागवू?' 'राजासारखं.' धडा संपला. हाच पोरस अठराव्या शतकात युरोपभर इटालियनमध्ये गात होता, हे मला फार उशिरा कळलं.

पिएत्रो मेतास्तास्योने लिहिलेला ऑपेरा, 'अलेस्सांद्रो नेल्लिन्दिये', म्हणजे हिंदुस्थानातला सिकंदर. जानेवारी १७३० मध्ये रोमला पहिला प्रयोग झाला. संगीत लिओनार्दो विंचीचं (चित्रकार नव्हे, हा वेगळा). पोपच्या रोममध्ये बायकांना रंगमंचावर बंदी, म्हणून राणी क्लेओफीदे झाला जाचिंतो फोंताना, टोपणनाव 'फुलपाखरू'. बालगंधर्वांच्या शालूंच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना यात नवल नाही. फरक एवढाच, की हे गायक कास्त्राती. आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच शस्त्रक्रिया केलेले. 'एवढाच' हा शब्द मागे घेतो.

पुढच्याच वर्षी लंडनला हेंडेल आणि जर्मनीतल्या ड्रेस्डेनला हास्से या संगीतकारांनी हीच गोष्ट आपापल्या संगीतात बसवली.

खरं सांगू? यातला पोरस मला आवडत नाही. नुसता संशयी प्रियकर. राणी राज्य वाचवायला सिकंदराशी गोड बोलते आणि हा जळतो. पुन्हा संशय घेणार नाही अशी शपथ वाहतो आणि लगेच मोडतो. मग दोघं एकमेकांच्या शपथा टोमण्यासारख्या एकमेकांना गाऊन दाखवतात. ते युगुलगीत मात्र अफाट आहे! शेवटी राणी चितेकडे निघते, सिकंदर उदार होऊन राज्य आणि पोरस दोन्ही परत करतो. हिंदुस्थान इथे फक्त पडद्यापुरता. उदार विजेता म्हणजे समोर बसलेले महाराज, हे प्रेक्षकांना न सांगता कळायचं.

पोर्तुगालच्या लिस्बनला तर कहरच. १७५५ च्या वसंतात राजा जुझे पहिला याचं नवंकोरं ऑपेरागृह याच कथेने उघडलं, संगीत दाविद पेरेसचं. स्टेजवर खरं घोडदळ आणलं. सिकंदराचा घोडा म्हणून राजाच्या अश्वशिक्षकाने जनावर आणलं आणि पेरेसने त्याच्या चालीवर बेतून संचलनाचं संगीत लिहिलं. गोव्यावर राज्य होतं ते याच दरबाराचं. आणि चिमाजी अप्पांनी त्यांच्याकडून वसई घेतली त्याला जेमतेम सोळा वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी हिंदुस्थान जिंकून उदारपणे परत देणारा सिकंदर बघताना कुणाला वसई आठवली असेल का, हा माझा आपला आगाऊ प्रश्न.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भूकंप झाला. ऑपेरागृह सात महिने टिकलं.