चौदा पिढ्यांचं दुःख आणि माईची बीपीची गोळी

माईची बीपीची गोळी अकरा दिवस बंद होती, हे मला गेल्या रविवारी गावी गेल्यावर कळलं. बंद केली आमच्या वहिनीने, आणि वहिनीला शहाणपण शिकवलं एका फॉरवर्डने. भावकीच्या ग्रुपवर तो तीनदा येऊन गेलाय. म्हणून एकदाच उत्तर देतो.

फॉरवर्ड म्हणतो: पूर्वजांचं दुःख डीएनएतून चौदा पिढ्या उतरतं, हे विज्ञानाने सिद्ध झालंय. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने एकवीस दिवस रोज ते बोलून दाखवलं की घराणं मोकळं होतं, बीपी-शुगर जाते, गोळ्या सुटतात. पितृपक्षातला म्हाळ आणि देवापुढे घालायचं गाऱ्हाणं यांमागेही म्हणे हेच विज्ञान. आणि घरच्या गोष्टी ऐकलेली मुलं खंबीर होतात.

आधी चौदा पिढ्या. हा आकडा खरा आहे, पण तो जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीचा! 2017 साली बार्सिलोनाच्या संशोधकांनी 'सायन्स' या संशोधनाच्या नियतकालिकात तो प्रयोग छापला. कृमीत चमकणारं जनुक घातलं होतं. उबेत ठेवलं की ते जास्त चमकायचं, आणि पुन्हा गारव्यात आणल्यावरही ती चमक चौदा पिढ्यांपर्यंत टिकली. या किड्याची पिढी तीन-चार दिवसांची. म्हणजे आषाढात जन्मलेल्याची चौदावी पिढी गणपतीपर्यंत हजर. यात दुःख कुठे आलं?

माणसांवरचा जो अभ्यास सगळे पुढे करतात तो न्यूयॉर्कच्या संशोधक रेचल येहुदा यांचा. हिटलरच्या छळातून वाचलेले 32 ज्यू आणि त्यांची 22 मुलं. ताणाशी संबंधित एका जनुकावरची रासायनिक खूण आईबापांत वाढलेली दिसली, मुलांत घटलेली. डीएनएची अक्षरं जशीच्या तशी. तुलनेला घेतलेली मुलं फक्त नऊ. विषय गंभीर आहे, अभ्यास चालू आहेत, पण यावरून आमच्या आळीतल्या कोणाची शुगर ठरत नाही.

आता ज्याचा मला राग आहे ते. माईचे वडील मुंबईत गिरणीत होते. 17 जुलै 1947 ला गटारीच्या तोंडावर भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. अलिबाग तालुक्यात गावंच्या गावं सुतकात होती. माईचे वडील त्या बोटीत होते. ती तेव्हा सात वर्षांची. ते सापडले नाहीत.

तर वहिनी रोज संध्याकाळी दिवेलागणीला माईसमोर मोबाइल उभा करायची. 'माई, आज बोटीचं सांगा.' पहिले तीन दिवस तिने सांगितलं. चौथ्या दिवसापासून ती म्हणायची, 'मना नाय सांगायचंय.' यावर फॉरवर्डचं उत्तर तयार: विरोध होणं म्हणजे दुःख वर येतंय, थांबू नका. माईची झोप गेली. गावातल्या डॉक्टरांनी पट्टा बांधला तर आकडा 190 वर. बीपी दुखत नाही, म्हणून सुटल्यासारखं वाटतं एवढंच.

अपघातातून आलेल्या माणसाला लगेच बसवून सगळं बोलायला लावावं का, यावरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा 2002 सालचा आहे. फायदा दिसला नाही, एका चाचणीत तर त्रास वाढलेला आढळला, आणि अशी सक्ती बंद करा, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. तो आढावा ताज्या अपघातांचा आहे, मान्य. पण पंच्याऐंशीच्या म्हातारीला ताजं काय नि शिळं काय? आठवणींतून उपचार करणारे लोक असतात, ते शिकलेले असतात, आणि थांब म्हटलं की थांबतात.

म्हाळ-गाऱ्हाण्याचं काय बोलायचं! म्हाळाला आपण पूर्वजांना जेवू घालतो, त्यांची उलटतपासणी घेत नाही. गाऱ्हाण्यात 'होय म्हाराजा' म्हणून मोकळे होतो. त्याला विज्ञानाचं सर्टिफिकेट कशाला हवंय?

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. मुलांबद्दलचं वाक्य अगदीच हवेतलं नाही. अमेरिकेत एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना वीस प्रश्न विचारले: आजी-आजोबा कुठे वाढले, आईबाप कसे भेटले, असे. ज्यांना जास्त माहीत होतं, त्यांचा आत्मविश्वास बरा होता. पण उत्तरं घोकून काही होत नाही, हेही त्यांनीच सांगितलंय. घरात बसून बोलणं होतं, त्याची ती खूण. चाकरमान्यांच्या पोरांना आपला बाप कुठल्या चाळीत पथारी टाकून झोपायचा हे कळलं तर बरंच आहे. त्याने शुगर उतरत नाही.

गोळी पुन्हा चालू केलीय. वहिनी माझ्याशी बोलत नाहीये, चालेल.

निघायच्या आधी माई पडवीत वाल सोलत बसली होती. आपणहून म्हणाली, बाबा मुंबईहून येताना खिशात लिमलेटच्या गोळ्या आणायचे. पावसात भिजून कागद चिकटायचा, आम्ही कागदासकट चोखायचो. मग परत वाल सोलायला लागली. मोबाइल आत चार्जिंगला लावलेला होता.