हवेचे आकडे दडवले? थोडं थांबा

‘मोबाइलवरचा हवेचा निर्देशांक प्रादेशिक यंत्रणेच्या फलकापेक्षा दुप्पट दिसतो, म्हणजे आकडे दडवलेत’ असा मेसेज फिरतोय. फरक खरा असू शकतो. निष्कर्ष मात्र घाईचा. सरकारी निर्देशांकात सूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम 2.5 ची, सहसा 24 तासांची सरासरी धरतात. अ‍ॅप बऱ्याचदा ताज्या तासाची नोंद दाखवतं. शिवाय निर्देशांकाची मोजपट्टी देशागणिक वेगळी. स्वस्त सेन्सर तर दमट हवेत अनेकदा चढे आकडे देतात, कारण कण ओलावा शोषून फुगतात. तुलना करायचीच तर मायक्रोग्रॅममध्ये करा: जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची पीएम 2.5 साठीची 24 तासांची मार्गदर्शक पातळी घनमीटरमागे 15 मायक्रोग्रॅम आहे. मोजणी केंद्र वर्दळीपासून लांब का, हे मात्र जरूर विचारा. ती शंका रास्त आहे.