रिकॉलची नोटीस दाबून ठेवायची म्हणे!

नव्या डिझाइनची स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांना शहाणं करणारा एक मेसेज सध्या फिरतोय. पहिल्या वर्षीची गाडी घेऊ नका, दुसऱ्या वर्षी दोष गेलेले असतात. इंजिन जुनं-ओळखीचं असेल तर डोळे मिटून घ्या. रनिंग-इन, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला जपून चालवणं, ही अंधश्रद्धा. आणि रिकॉल आला, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावली, तर ती देऊच नका, सॉफ्टवेअर घालून ताकद उतरवतात. मी गप्प बसणार होतो, पण भाच्याची गाडी बुक झालीय आणि तो विचारतो, "मामा, नोटीस आली तर दाबून ठेवायची ना?"

दाब बाबा. 2014 साली पोर्श 911 जीटी3 ही अशीच नव्या पिढीची, नव्या इंजिनाची गाडी होती. युरोपात दोन गाड्या पेटल्या. पिस्टनला जोडलेल्या दांड्याचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडचा स्क्रू सैल व्हायचा, सुटलेला रॉड इंजिनाचं कवच (क्रँककेस) फोडायचा, तेल बाहेर यायचं आणि आग. कंपनीने जगभरच्या 785 गाड्यांच्या मालकांना कळवलं की गाडी चालवूच नका, आणि सगळ्यांची इंजिनं बदलली. अख्खी इंजिनं! नोटीस दाबणाऱ्याच्या वाट्याला काय आलं असतं, ते सांगायला हवं का?

सॉफ्टवेअरने वेग रोखल्याचं उदाहरण आहे, नाही म्हणत नाही. 2020 च्या मिड-इंजिन कॉर्व्हेटचं पुढचं झाकण चुकून उघडं राहायचं, म्हणून रिकॉलमध्ये वेग ताशी सुमारे 42 किलोमीटरवर आणला. झाकण उघडं असेल तेव्हाच. बंद करा आणि पळवा.

पहिल्या वर्षी खोड्या जास्त निघतात, हे मान्य. वरची दोन्ही उदाहरणं पहिल्याच वर्षाची आहेत. पण दुसऱ्या वर्षी गंगेत घोडं न्हालं असं कुठे असतं? पोर्शचीच 996, म्हणजे 911 ची एक जुनी पिढी घ्या. सुरुवातीच्या गाड्यांत आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टला आधार देणारं) दोन रांगांचं होतं. पुढे ते एका रांगेचं केलं आणि जास्त बदनाम झालं ते हे नंतरचं.

ओळखीचं इंजिन? त्याच कॉर्व्हेटचं इंजिन जुन्या घराण्यातलं, पण ड्युअल-क्लच गिअरबॉक्स कोरा होता. रनिंग-इनबद्दल मॅन्युअल उघडा, मेसेज नको.

भाच्याला कळवलंय: नोटीस आली की त्याच दिवशी वर्कशॉपची तारीख घे. ताकद उतरली तर माझ्याशी भांड.